बारीक मूल, लठ्ठ मूल आणि एकच पत्ता

पीएच.डी.चा विषय काय, असं कोणी विचारलं आणि मी 'ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांच्या वजनाचा इतिहास' असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "वजनाचा कसला आलाय इतिहास? पूर्वी मुलं बारीक होती, आता जाड झाली. संपलं की!"

हे वाक्य तसं चूक नाही. पण मधली शंभर-सव्वाशे वर्षं त्यात गायब आहेत. मुलाचं वजन ही खरं तर घरातली बाब. आई, आजी, फार तर डॉक्टर यांनी बघायची. मग ती देशाची बाब कधी झाली? 'मुलांमधला लठ्ठपणा ही राष्ट्रीय समस्या आहे' हे वाक्य आज आपण सहज वाचतो. त्यातला 'राष्ट्रीय' हा शब्द कुठून आला, ते आज सोप्या भाषेत सांगते. त्यासाठी सुरुवात लठ्ठ मुलांपासून करून चालत नाही, हडकुळ्या सैनिकांपासून करावी लागते.

सैन्यभरतीचा धक्का

१८९९ ते १९०२ या काळात ब्रिटन दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी लढत होतं. जगातलं सर्वांत मोठं साम्राज्य मूठभर शेतकऱ्यांना आवरताना घामाघूम झालं. त्यातच भरतीला येणारे शहरी तरुण मोठ्या संख्येने नापास व्हायला लागले. कोणाची उंची कमी, कोणाची छाती अरुंद, कोणाचे दात किडलेले. १९०२ मध्ये मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस यांनी टोपणनावाने एक लेख लिहिला. भरती व्हायला निघालेल्या दर पाच तरुणांपैकी दोन वर्षांनंतर कामाचे सैनिक म्हणून जेमतेम दोघं उरतात, असा त्यांचा हिशेब होता. लेख गाजला. इंग्रजांचा वंशच खालावत चाललाय की काय, अशी चर्चा सुरू झाली.

सरकारने १९०३ मध्ये समिती नेमली, १९०४ मध्ये अहवाल आला. वंश पिढ्यान्‌पिढ्या खालावतोय याला काही पुरावा नाही, असं समितीने सांगितलं. मुलं खुरटी राहतात त्याची कारणं दाटीवाटीची घरं, धूर, घाण, दारू आणि अपुरं अन्न. शाळेत मुलांची वैद्यकीय तपासणी करा, उपाशी मुलांना जेवण द्या, अशा शिफारशी तिने केल्या.

पण त्याच अहवालात आणखी एक सूर आहे. गरीब घरातल्या आयांना स्वयंपाक येत नाही, त्या मुलांना चहा-पाव देऊन मोकळ्या होतात, म्हणून मुलींना शाळेत स्वयंपाक आणि घरकाम शिकवा! म्हणजे एकाच अहवालात दोन उत्तरं. एक म्हणतं, परिस्थिती बदला. दुसरं म्हणतं, आईला शिकवा. हे दोन सूर लक्षात ठेवा, कारण पुढची सव्वाशे वर्षं ते आपल्याला सोडत नाहीत.

काटा शाळेत आला

१९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याची परवानगी देणारा कायदा झाला. फक्त परवानगी बरं का, सक्ती नाही. १९०७ मध्ये मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा आला. शाळेत उंची मोजायची पट्टी आणि वजनकाटा आला, तो तिथेच राहिला.

कापडगिरण्यांच्या ब्रॅडफर्ड शहरात त्याच वर्षी एक साधा प्रयोग झाला. शाळा-वैद्यकीय अधिकारी राल्फ क्रॉली यांनी सुमारे ४० गरीब मुलांना काही महिने शाळेत नीट जेवण दिलं आणि नियमित वजन घेतलं. वजन चढायला लागलं. मध्ये सुट्टी आली, शाळेचं जेवण थांबलं, तर आलेख खाली. पुन्हा शाळा, पुन्हा वर. ज्यांना वाटत होतं की ही मुलं जन्मतःच किडकिडीत आहेत, त्यांना हा आलेख म्हणजे चोख उत्तर होतं. सुट्टीतल्या आठवड्यात आयांचं स्वयंपाकाचं ज्ञान अचानक कमी झालं नव्हतं. घरात अन्नच कमी होतं.

दुसरा प्रयोग याच्या कितीतरी पट मोठा, आणि संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना कदाचित माहीत असलेला. १९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमध्ये २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. १०,००० मुलांना फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पिंट, म्हणजे साधारण ४२५ मिलिलिटर दूध. उरलेल्या १०,००० मुलांना काही नाही. दोन्ही गटांची वजनं घ्यायची आणि तुलना करायची. कागदावर एकदम चोख.

घोळ दोन ठिकाणी झाला. एखाद्या गटात फारच सुदृढ किंवा फारच अशक्त मुलं आली तर शिक्षकांना अदलाबदल करायची मुभा होती. आता शिक्षक ते! समोर उपाशी मूल दिसत असताना दूध दुसऱ्याला कसं देणार? बऱ्याच ठिकाणी कळत-नकळत अशक्त मुलंच दुधाच्या गटात गेली. त्यामुळे दूध न मिळणारा गट सुरुवातीपासूनच उंचीने आणि वजनाने सरस निघाला. दुसरं म्हणजे वजन कपड्यांसकट घेतलं होतं. फेब्रुवारीत लोकरीचे जाड कपडे, जूनमध्ये हलके. खात्यापित्या घरातल्या मुलाच्या अंगावरचे बरेच कपडे उन्हाळ्यात उतरतात. गरीब मुलाकडे हिवाळ्यातही अंगावर फारसं काही नसतं, त्यामुळे उतरायलाही काही नसतं. म्हणजे काटा मुलाबरोबर त्याच्या घरची ऐपतही मोजत होता.

या चुका १९३१ मध्ये दाखवल्या त्या 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी. ते गिनेस या दारूच्या कंपनीत नोकरीला होते. संख्याशास्त्रातली 'टी-टेस्ट' त्यांचीच. एवढ्या खर्चात २०,००० मुलं घेण्यापेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या तर जास्त कळलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

लॅनार्कशायरचा प्रसंग मी नेहमी सांगते, कारण वजनाचा आकडा किती 'स्वच्छ' वाटतो आणि त्यात प्रत्यक्षात काय काय मिसळलेलं असतं हे त्यातून कळतं. पुढे लठ्ठपणाचे आकडे येतील तेव्हा हे आठवा.

दूध आलं, दूध गेलं

१९३४ पासून शाळेत अर्ध्या पेनीला एक तृतीयांश पिंट, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर दूध मिळायला लागलं. दुसऱ्या महायुद्धाने सरकारला मुलांच्या ताटात पूर्णच ओढलं. १९४० मध्ये साखरेवर रेशन आलं, १९४१ मध्ये शाळेच्या जेवणात किती पोषण हवं याचे मापदंड ठरले, १९४४ च्या शिक्षण कायद्याने जेवण आणि दूध देणं हे स्थानिक प्रशासनाचं कर्तव्य झालं आणि १९४६ पासून दूध सगळ्यांना फुकट झालं.

त्या रेशनबद्दल एक अलीकडचा अभ्यास सांगण्यासारखा आहे. १९५३ मध्ये साखर आणि मिठायांवरचं रेशन उठलं आणि साखरेचा खप थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाला. त्या तारखेच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्या लोकांची संशोधकांनी तुलना केली. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आला, की ज्यांचा गर्भातला काळ आणि आयुष्याची पहिली काही वर्षं रेशनमध्ये गेली, त्यांना पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. यात आयांना कोणी पोषणाचे धडे दिले नव्हते. दुकानात साखर कमी मिळत होती, बस्स.

मग उलटा प्रवास सुरू झाला. १९६८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने माध्यमिक शाळांचं फुकट दूध बंद केलं. १९७१ मध्ये शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी सात वर्षांवरच्या मुलांचं बंद केलं आणि त्यांना 'दूधचोर' ही पदवी मिळाली. पण माझ्या मते त्याहून मोठा बदल १९८० चा. तेव्हा थॅचर पंतप्रधान होत्या. त्या वर्षीच्या कायद्याने शाळेच्या जेवणाचे पोषणाचे मापदंडच काढून टाकले. सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांतली मुलं सोडली, तर बाकीच्यांना जेवण देण्याची सक्तीही राहिली नाही. १९८८ नंतर जेवणाची कंत्राटं निविदा काढून द्यावी लागली. जो स्वस्तात देईल तो जिंकणार. मुलांना 'निवड' मिळाली, आणि बऱ्याच शाळांत ती निवड चिप्स, बर्गर आणि तळलेल्या नगेट्समधली होती.

दुधाच्या बातमीला घोषणा मिळाली, म्हणून ती लोकांच्या लक्षात राहिली. मापदंड गेले ते गुपचूप गेले. इंग्लंडमध्ये ते परत यायला २००१ उजाडलं. म्हणजे एक अख्खी पिढी पहिलीपासून दहावीपर्यंत मापदंडाशिवाय जेवली.

चिंता पलटली, सूर तेच राहिले

२००४ च्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेच्या आरोग्य समितीचा लठ्ठपणावरचा अहवाल आला. त्यात तीन वर्षांच्या एका मुलीचा उल्लेख होता. हृदय बंद पडून ती गेली आणि तिच्या मृत्यूला अतिलठ्ठपणा कारणीभूत होता, असं अहवालात म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पानावर. 'आईबापांनी खाऊ घालून मारलं' अशा अर्थाची चर्चा देशभर झाली.

काही आठवड्यांतच केंब्रिजमधल्या संशोधकांनी खुलासा केला. त्या मुलीला एक जनुकीय दोष होता आणि त्यामुळे तिची भूक आवरणारी यंत्रणाच बिघडलेली होती. आईबापांचा त्यात काही दोष नव्हता. हा खुलासाही छापून आला, पण पहिल्या बातमीएवढा मोठा नाही. पोटची पोर गेलेल्या घराने त्या मधल्या काळात काय ऐकलं असेल, हे कोणत्याही अहवालात सापडत नाही. इतिहासाच्या विद्यार्थिनीला कागदातून जेवढं दिसतं, त्याची मर्यादा मला इथे सर्वांत जास्त जाणवते.

पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, शेफ जेमी ऑलिव्हर यांनी टीव्हीवर शाळेच्या स्वयंपाकघरांची मालिका केली. एका मुलाच्या एका जेवणाच्या साहित्यावर ३७ पेन्स खर्च होतात, हे बघून लोक हादरले. सरकारने २८ कोटी पौंड जाहीर केले, मापदंड कडक झाले. २००६ मध्ये रॉदरहॅम भागातल्या एका शाळेत नवीन जेवण न आवडलेल्या मुलांसाठी काही आया कुंपणातून बर्गर आणि चिप्स द्यायला लागल्या. फोटो छापून आले, आणि वर्तमानपत्रांना खलनायिका सापडल्या.

आता १९०४ आठवा. तेव्हा चहा-पाव देणारी आई, आता बर्गर देणारी आई. मूल बारीक असो नाहीतर जाड, आरोपीच्या पिंजऱ्यात तीच. ३७ पेन्सचं कंत्राट कोणी दिलं, १९८० मध्ये मापदंड कोणी काढले, हे प्रश्न त्या फोटोत मावत नव्हते.

पुन्हा काटा

२००५-०६ पासून इंग्लंडमध्ये सरकारी शाळांतल्या मुलांची राष्ट्रीय मोजणी सुरू झाली. शाळेत आल्या आल्या, चार-पाच वर्षांची असताना एकदा, आणि प्राथमिक शाळा सोडताना, दहा-अकरा वर्षांची असताना पुन्हा एकदा.

इथे थोडं तांत्रिक आहे, पण समजून घ्या. मोठ्या माणसाचा बीएमआय ३० किंवा जास्त असेल तर त्याला लठ्ठ म्हणतात. मुलांना असा एक आकडा लावता येत नाही, कारण वाढत्या वयात बीएमआय सारखा बदलतो. मग तुलनेसाठी १९९० च्या आसपासच्या ब्रिटिश मुलांचे तक्ते घेतले जातात. त्या तक्त्यात त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांमध्ये वरच्या पाच टक्क्यांत जे मूल बसेल, ते या मोजणीत लठ्ठ. म्हणजे व्याख्येनुसार १९९० च्या तक्त्यात लठ्ठ मुलं पाच टक्के धरलेलीच आहेत. २०२२-२३ मध्ये शाळा सुरू करणाऱ्या मुलांत हे प्रमाण ९.२ टक्के होतं, आणि प्राथमिक शाळा सोडणाऱ्यांत २२.७ टक्के.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो या आकड्याच्या पोटातला आकडा. दहा-अकरा वर्षांच्या मुलांत सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये लठ्ठपणा ३०.२ टक्के, सर्वांत सुखवस्तू वस्त्यांमध्ये १३.१ टक्के. दुपटीहून जास्त! १९०४ च्या समितीने ज्या प्रकारच्या वस्त्यांमध्ये खुरटी मुलं शोधली, साधारण त्याच प्रकारच्या वस्त्यांमध्ये आज लठ्ठ मुलं सापडतात. देह बदलला, पत्ता तोच राहिला. तेव्हा गरिबाला पोटभर मिळत नव्हतं. आता पोट भरणारं सर्वांत स्वस्त अन्न म्हणजे साखर, मैदा आणि तेल.

या मोजणीनंतर घरी पत्र जातं, तुमच्या मुलाचं वजन अमुक गटात आहे म्हणून. अनेक पालकांना ते पत्र म्हणजे प्रगतीपुस्तकातला लाल शेरा वाटतो, आणि त्यावरून वादही झाले. पत्र पाठवणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही. काही घरांना ते उपयोगीही पडत असेल. पण पत्र म्हणजे 'आईला शिकवा' हाच जुना सूर.

दुसऱ्या सुराचं उदाहरण म्हणजे एप्रिल २०१८ मध्ये लागू झालेला शीतपेयांवरचा साखरेचा कर. तेव्हा शंभर मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असेल तर लिटरमागे १८ पेन्स, आठ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर २४ पेन्स असा दर होता. गंमत म्हणजे कर गिऱ्हाइकावर नव्हता, कंपन्यांवर होता. कर दोन वर्षं आधी जाहीर झाला होता, त्यामुळे अनेक कंपन्यांनी तो लागू होण्यापूर्वीच पेयातली साखर कमी केली. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की अपेक्षित प्रमाणाच्या तुलनेत दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा सुमारे ८ टक्क्यांनी घटला, आणि गरीब वस्त्यांतल्या मुलींमध्ये तो फरक जास्त दिसला. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये आणि अगदी लहान मुलांमध्ये मात्र असा परिणाम दिसला नाही. म्हणजे हा काही रामबाण उपाय नाही. पण साखर बाटलीतूनच कमी झाली, कोणाच्या आईला शरम न आणता.

आपल्याकडचा काटा

आता हे सगळं आपण का वाचायचं? याचं एक उत्तर पुण्यात आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. या बाळांची तुलना त्यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिथलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, इथलं २.७ किलोचं. इथल्या बाळाचे स्नायू कमी, पोट लहान, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ टिकून. बारीक दिसणारं, पण आतून चरबीकडे झुकलेलं बाळ. अशी बाळं मोठी होऊन मधुमेहाच्या धोक्यात येतात.

म्हणजे ब्रिटनमध्ये बारीक मूल आणि लठ्ठ मूल यांच्यात दोन-तीन पिढ्यांचं अंतर होतं. आपल्याकडे ते एकाच अंगात मावतं. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं खुरटलेली आढळली. त्याच सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या सुमारे १० टक्के मुलांच्या रक्तात मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर आढळली. नुसता काटा बघून यातलं काहीच कळत नाही.

आपल्या अंगणवाडीत ताई दर महिन्याला वजन घेतात, शाळेत खिचडी शिजते, आणि २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे. आपल्या शाळेसमोरच्या टपरीवर काय लटकलेलं असतं, ते एकदा सहज बघा.

माझ्या प्रबंधाचा सारांश एका वाक्यात मागितला तर मी म्हणेन, काटा 'किती' ते सांगतो, 'का' ते आपण ठरवतो. ब्रिटनने सव्वाशे वर्षांत 'का'चं उत्तर पुन्हा पुन्हा 'आई' असं दिलं. पण काट्यावर खरा फरक पडला तो शाळेचं जेवण, रेशन किंवा बाटलीतली साखर बदलली तेव्हा. आपल्याकडे लठ्ठपणाच्या बातम्या आत्ता कुठे पहिल्या पानावर यायला लागल्यात. त्या बातमीत 'हल्लीच्या आया' हे शब्द दिसले, तर शेजारी खिचडीला प्रत्येक मुलामागे किती पैसे मिळतात आणि फाटकासमोरच्या पुड्याची किंमत किती, हे दोन आकडे लिहून बघा.

पुढच्या लेखात १९०६ च्या कायद्याच्या वेळचा वाद सांगेन. 'शाळेत जेवण दिलं तर आईबाप आळशी होतील' हा मुद्दा तेव्हाच मांडला गेला होता, आणि तो आजही ऐकू येतो.